गुरुवारचं उलटं गवत

१

शुक्रवारी सकाळी क्लबच्या बैठकीच्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा चौकट जागच्या जागी होती. काच होती, खिळा होता, खाली पितळेची पट्टी होती आणि पट्टीवर जुन्या साहेबांचं नाव होतं. काचेच्या आत मात्र काहीच नव्हतं. साठ वर्षं जिथे गोल्फच्या मैदानाचा आराखडा होता तिथे आरपार भिंत दिसत होती. बाकीच्या भिंतीपेक्षा जराशी उजळ, चौकोनी, माणूस उठून गेल्यावर गादीवर खळगा राहतो तशी.

पहिल्यांदा पाहिलं ते चिटणिसांनी. ते शिस्तीचे गृहस्थ. आधी हातातला कप बशीत नीट ठेवला आणि मग ते खुर्चीत बसले. पोलिसांना फोन करणं बरोबर झालं असतं, पण परवा सभा होती आणि त्याआधी गाजावाजा नको होता. म्हणून त्यांनी मावशीला फोन केला.

"मावशी, आराखडा चोरीला गेला."

"कशाचा?"

"मैदानाचा."

"मैदान आहे ना जागेवर?"

"आहे."

"मग रडतोस कशाला? चहा टाक, आले."

मावशीनं चौतीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत काढली होती. भावाभावांच्या भांडणात उभं राहून साखळी ओढली होती. शिव्या ऐकल्या होत्या, दगड चुकवले होते आणि हद्दीची खूण बरोबर जागी रोवूनच घरी आली होती. तिचं म्हणणं असं, की माणसं खोटं बोलतात, जमीन बोलत नाही. पण न बोलणाऱ्या जमिनीकडे नीट पाहिलं, की माणूस कुठे खोटं बोलला ते कळतं. गोल्फ तिनं जन्मात खेळला नव्हता. "काठीनं चेंडू बिळात घालायचा, एवढं माहीत आहे," ती भाच्याला म्हणाली. "आणि त्यासाठी चालून चालून दमायचं. आम्हाला चालायचे पैसे तरी मिळायचे."

भाचा हसला नाही. "रविवारी सभा आहे," तो म्हणाला. "मैदान उखडून नवं करायचा ठराव आहे. काही जुने सभासद म्हणाले, ठराव करायच्या आधी मूळ आराखडा सभेपुढे मांडा, त्या माणसाच्या मनात काय होतं ते पाहू. आता मांडायलाच काही उरलं नाही. सोमवारी बुलडोझर येईल."

"आणि ज्यानं मैदान केलं त्याचं कोण आहे?"

"मुलगी आहे, ताई. जुन्या साहेबांनी आयुष्यात हे एकच मैदान केलं. लोक इतके हसले, की दुसरं कुणी दिलंच नाही."

मावशीनं चौकटीकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. तिला चोराबद्दल पहिली गोष्ट कळली होती, आणि ती तिला आवडली होती.

२

"चोर मायाळू आहे," मावशी म्हणाली.

चिटणिसांना वाटलं, मावशीचं वय झालं.

"इकडे ये. चोरी करणारा घाईत असतो. यानं मागचे खिळे उपटले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवले. मोज, बारा आहेत. काच आतून पुसली. चौकट परत टांगली आणि ती तिरकी नाही ना, ते मागे सरून बघितलं. गालिचावर टाचा बघ, दोनदा मागे सरलाय. तुझ्या घरातली एक तरी चौकट एवढी सरळ आहे का?"

"नाही," चिटणीस म्हणाले. कबुलीजबाबासारखंच म्हणाले.

"आता सांग, आराखडा दिसायचा कसा?"

"रोज बघतो मी. दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवावीत एवढा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन यायचं, त्यानं पार विटला होता. चहाच्या पाण्यासारखा. खालच्या कोपऱ्यात आपली ही इमारत, तिच्यापासून पहिला होल, मग दुसरा, असं फिरत फिरत नववा पुन्हा इमारतीपाशी."

"ही काच नवी दिसते."

"पंधरा दिवसांपूर्वी चेंडू लागून फुटली. फ्रेमवाल्यानं बदलून दिली."

"शेवटचा कुणी पाहिला?"

"बुधवारी संध्याकाळी डिझायनरनं. नवं मैदान तोच करणार आहे. काल गुरुवार, क्लब बंद. किल्ली फक्त माळीदादांकडे." चिटणिसांचा आवाज खाली आला. "कार्यकारिणीतले लोक म्हणतायत, माळीदादांनीच घेतला. मैदान बदललं की त्यांची इथली चाळीस वर्षं संपतात. त्यांना कामावरून काढा, असा निरोप आलाय. मावशी, मला त्यांनी सायकल शिकवली."

मावशी उठली. "मग जमीन बघू."

३

मैदान सुंदर होतं आणि वेडं होतं. सकाळच्या उन्हात नऊ हिरवळी नऊ तळ्यांसारख्या पसरल्या होत्या. प्रत्येकीत एक भोक, भोकात झेंडा. पण उंचवटे भलत्याच जागी होते. आणि वाळूचे खड्डे असे होते, की मावशीसुद्धा थबकली.

माळीदादा साठीचे, हात मुळांसारखे. ते गवत कापायचं यंत्र पुसत होते.

"दादा, हे वाळूचे खड्डे कशासाठी असतात?"

"चेंडू अडवायला. हिरवळीवर पोचायच्या आधी खेळणारा त्यात पडावा म्हणून. तिथे खरा खेळ."

"मग ते हिरवळीच्या अलीकडे हवेत. इथे बघावं तर सगळे पलीकडे. उंचवट्याच्या मागे लपून बसलेत."

"म्हणून तर हसतात, मावशी. साठ वर्षांत त्या वाळूत चिमण्यांशिवाय कुणी लोळलं नाही. पण आम्ही रोज दाताळं फिरवतो. आपलं काम आपण करावं."

मावशी वाकली आणि तळहात गवतावरून फिरवला. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. एका बाजूनं मऊ लागलं, दुसऱ्या बाजूनं टोचलं.

"गवत इमारतीकडे पाठ करून झोपायला हवं. तुम्ही पहिल्या होलाकडून कापत जाता ना? हे उलट झोपलंय."

माळीदादांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ओळख उमटली, जाणत्याला जाणता भेटल्याची. "काल गुरुवार. गुरुवारी उलट. सहा दिवस एकपासून नवापर्यंत कापायचं, गुरुवारी नवापासून मागे."

"का?"

"सासऱ्यांनी सांगितलं. ते माझ्या आधी इथे माळी होते."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"जुन्या साहेबांनी. पण का ते मला माहीत नाही. सासऱ्याला कोण विचारतं?" ते ओशाळून हसले. "एक ओवी मात्र शिकवली. यंत्र ढकलताना म्हणायची." आणि त्यांनी ती म्हटली, गुणगुणल्यासारखी:

"सहा दिवस सुलट, गुरुवारी उलट,
एका गवतात चाले दोन गावांची वहिवाट."

वहिवाट. मावशीच्या कानाला तो शब्द चौतीस वर्षं चावला होता. कुणाच्या शेतातून कुणाला जायचा हक्क, यावर तिनं डोकी फुटलेली पाहिली होती. पण एका मैदानात दोन गावं कुठून आली?

"काल कोण कोण आलं होतं?" तिनं सहज विचारलं.

"कुणी नाही."

"बैठकीच्या खोलीत तुम्ही गेलात?"

"मी? या बुटांनी? त्या गालिचावर मी वर्षातून एकदा जातो, वार्षिक सभेला, बूट काढून. गेली सभा होऊन अकरा महिने झाले."

मावशीनं मान डोलावली. माळीदादा मागच्या अवजारांच्या शेडमध्ये एकटे असत, एकटे जेवत. पण खिडकीत दोन कप पालथे घातले होते, आणि दोन्ही कालचे धुतलेले होते.

४

डिझायनर तरुण होता. कानावर पेन्सिल, बुटाला माती. मावशीला त्याचा राग येईना, कारण मोजणारा माणूस होता. तो पाचव्या हिरवळीवर उकिडवा बसून उताराकडे टक लावून बघत होता.

"वाईट मैदान एकदा पाहिलं की पुरे होतं," तो म्हणाला. "हे मी सात वेळा चालून पाहिलं. काहीतरी सलतं मला. हा उतार बघा. चेंडू पुढून आला तर घरंगळून निघून जातो, थांबतच नाही. पण करणारा अडाणी नव्हता. या उताराला एका माणसाचे निदान पंधरा दिवस लागले असतील. एवढी मेहनत घेऊन कुणी चूक करतं का?"

"तुम्हीच उखडणार आहात ना हे?"

"मला सांगितलंय तसं." त्याला ते बोलताना बरं वाटलं नाही.

"आराखडा कसा होता?"

"झकास. शाई कालच वाळल्यासारखी. निळ्या रेघा, तांबडे आकडे. साठ वर्षांचा कागद इतका ताजा मी पाहिला नव्हता."

मावशीची नजर त्याच्या तोंडावर खिळली. भाचा म्हणाला होता, चहाच्या पाण्यासारखा. दोघंही खोटं बोलण्यातले नव्हते. आणि कागदाचं असं आहे, की तो विटतो. विटलेला पुन्हा उजळत नाही. तारुण्यासारखंच.

"आणि आकडे?"

"तिथेच तर घोळ आहे. जिथे आठवा होल आहे तिथे एक लिहिलंय. सातव्यावर दोन. सहाव्यावर तीन. सगळे उलटे. मी म्हटलं, स्वतःच्या मैदानाचे आकडे हा माणूस चुकतो कसा? सभेत कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"बोललात का हे कुणाशी?"

"चेष्टा म्हणून नाही हो. बुधवारी संध्याकाळी एकाच ठिकाणी फोन केला, समजून घ्यावं म्हणून..."

तेवढ्यात चिटणीस धावत आले. धावायची सवय नसलेला माणूस धावला की बातमी वाईट असते.

"मावशी," ते धापा टाकत म्हणाले, "माळीदादांनी कबूल केलं. म्हणतात, मीच चोरला, मीच जाळला."

५

माळीदादा शेडच्या दारात उभे होते. बूट काढून, हात मागे बांधून.

"माझं मन फिरलं," ते म्हणाले. "मैदान जाणार म्हणून. आता शोधू नका. राख झाली. मला काढून टाका आणि विषय संपवा."

"बरं," मावशी म्हणाली. "कसा होता हो, जाळलात तो?"

"कसा म्हणजे? होता तसाच. विटलेला. उन्हानं खाल्लेला. पहिल्या होलापासचं काहीच वाचता यायचं नाही."

"नक्की?"

"चाळीस वर्षं दर सभेला बघतोय."

"माळीदादा," मावशी हळूच म्हणाली, "तुम्ही जो आराखडा चोरलात, तो बुधवारी तिथे नव्हताच."

माळीदादांनी मान खाली घातली. चिटणीस काही न कळून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघू लागले.

"अकरा महिने तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. म्हणून तुम्हाला जुनाच माहीत. चोरानं नेला तो दुसरा. चांगल्या माणसाला खोटं बोलता येत नाही, दादा, आणि ते शिकायचं आता तुमचं वयही नाही. आत जा, बूट घाला."

मग तिनं भाच्याच्या फोनवरून फ्रेमवाल्याला गाठलं. पलीकडून करवतीचा आवाज येत होता.

"ती चौकट ना? आठवते की. पुठ्ठा एकच, पण चित्र दोन्ही बाजूंनी. मागच्या बाजूवर कुणीतरी जुना कागद डकवला होता, तो माझ्या हातात तुकडे होऊन आला. खाली बघतो तर नवंकोरं. पुढची बाजू उन्हानं गेलेली. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला चांगली बाजू दाखवावी. पुठ्ठा फिरवला, विटलेल्या बाजूवर खाकी कागद डकवला, खिळे मारून दिला."

"सांगितलं नाहीत कुणाला?"

"काम बिघडलं असतं तर कुणी विचारायला आलं असतं. पंधरा दिवसांत कुणी आलं नाही. मी म्हटलं, खूश असतील."

मावशीनं भाच्याकडे पाहिलं. "रोज बघतोस ना तू?"

चिटणीस कानापर्यंत लाल झाले.

"असू दे. रोज समोर असतं ते कुणीच बघत नाही. तुझा काकासुद्धा मी केस कापले तेव्हा सहा दिवसांनी विचारता झाला. तू आता सभेची जुनी इतिवृत्तं काढ. अगदी पहिल्या वर्षाची. मी ताईंकडे जाऊन येते."

"ताईंकडे? त्यांचा काय संबंध?"

"माळीदादा कुणासाठी आग अंगावर घेतील, सांग? आणि तो पोरगा ते उलटे आकडे समजून घ्यायला फोन करणार तरी कुणाला?"

६

ताईंचं घर दोन खोल्यांचं, लख्ख. स्वयंपाकघरात डब्यांवर जुन्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या होत्या. साखरेच्या डब्यावर 'मीठ'. मिठाच्या डब्यावर 'बटणं'. एका बरणीवर नुसतं 'विचारणे'.

"आबांनी लावलेल्या," ताई म्हणाल्या. "शेवटच्या चार वर्षांत त्यांना काही आठवायचं नाही. मग दिवसभर चिठ्ठ्या लिहायचे. ते जाऊन वीस वर्षं झाली. मला काढवत नाहीत. चहात दोनदा मीठ पडलंय माझ्या."

"ताई, माळीदादांनी चोरी कबूल केलीय. उद्या त्यांना कामावरून काढतील."

ताईंच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकलं. मग त्या आत गेल्या, कपाट उघडलं आणि चादरीत गुंडाळलेला पुठ्ठा बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन आल्या.

"त्यांनी फक्त किल्ली दिली आणि चहा दिला," त्या म्हणाल्या. "मी परत निघाले तेव्हा माझ्या हातात हे पाहिलं, आणि एक शब्द विचारला नाही. मला वाटलं नव्हतं ते असं काही करतील."

"का नेलात?"

"तो डिझायनर फोनवर म्हणाला, आकडे उलटे आहेत. मी म्हटलं, शक्य नाही. गुरुवारी जाऊन पाहिलं, आणि खरंच. हे बघा. आठच्या जागी एक." ताईंनी आकड्यावर बोट ठेवलं. "त्या चार वर्षांत कधीतरी त्यांनी हे पुन्हा काढून दिलं असणार, आणि कुणीतरी न बघता लावलं. हा मिठाचा डबा आहे हो, मावशी. हा मी सभेत कसा ठेवू देऊ? एकदा हसले ते पुरे झालं. मैदान जाऊ दे. पण ते गेल्यावर पुन्हा त्यांच्यावर हसायला नको."

मावशीनं पुठ्ठा खिडकीपाशी नेला. निळ्या रेघा, तांबडे आकडे. बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही शाळेत होतात ना? काय शिकवायचात?"

"गणित. पस्तीस वर्षं."

"मग शिक्षिकाबाई, बेरीज करा. आठच्या जागी एक. किती?"

"नऊ."

"सातच्या जागी दोन?"

"नऊ."

"सहा आणि तीन, पाच आणि चार, पुढे तसंच. आणि इमारतीजवळच्या हिरवळीवर?"

ताईंनी वाकून पाहिलं. "नऊच. तिथे आधीही नऊच होता."

"डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघा. त्यांत काही मेळ आहे? मीठ, बटणं, विचारणे. विसरणारा माणूस वाटेल तसा चुकतो, ताई. इतक्या शिस्तीत कुणी चुकत नाही. आता त्या खाकी कागदाचा कोपरा उचला."

ताईंनी नखानं कोपरा उचलला. कागद सुटत गेला आणि खालून विटलेला, चहाच्या पाण्यासारखा, ओळखीचा आराखडा वर आला. एक, दोन, तीन, सुलट.

"एकाच पुठ्ठ्यावर दोन," मावशी म्हणाली. "एकाच दिवशी, एकाच हातानं. पुढून खेळायचं एक मैदान, आणि इमारतीपासून उलट निघालं की दुसरं. तेच गवत, त्याच हिरवळी. जो खड्डा इकडून निरुपयोगी तो तिकडून बरोबर वाटेत. जो उतार इकडून चेंडू पळवतो तो तिकडून झेलतो. दोन गावांची वहिवाट, ताई, एका गवतात. तुमचे वडील चुकले नव्हते. त्यांना अर्धंच वाचलं गेलं."

ताई खाली बसल्या. पुठ्ठा मांडीवर होता, आणि त्या बोटानं एकेक आकडा मोजत गेल्या.

७

रविवारी सभेआधी एक तास, डिझायनर इमारतीपाशी उभा राहिला. पहिल्या होलाकडे पाठ करून, नवव्याच्या वाटेनं, आठव्या हिरवळीकडे तोंड करून. मागे पंचवीस-तीस सभासद, काही कुतूहलानं, काही चहा मिळेल म्हणून.

त्यानं फटका मारला. चेंडू उंच गेला, छान गेला, आणि हिरवळीच्या अलीकडे वाळूत पडला. भुस्स.

कुणीतरी हसलं. डिझायनर मात्र उड्या मारायच्या बेतात होता. "पडलो," तो म्हणाला. "पडलो बघा. साठ वर्षांपूर्वी यानं मला इथे पाडायचं ठरवलं होतं." मग तो पुढचा खेळला, त्याच्या पुढचा खेळला, आणि पाचव्या हिरवळीवर चेंडू उताराला लागून वळला आणि झेंड्यापाशी जाऊन थांबला, तेव्हा कुणीच हसलं नाही.

सभेत आधी ताई उभ्या राहिल्या. "आराखडा मी चोरला," त्या म्हणाल्या. "माळीदादांनी नाही. काय शिक्षा ती मला द्या." त्या खाली बसल्या. अध्यक्षांना शिक्षा सुचेना, म्हणून ते घोटभर पाणी प्याले.

मग चिटणिसांनी पहिल्या वर्षाचं इतिवृत्त वाचलं. त्यात तीनच वाक्यं होती. 'मैदान एकाच दिशेने खेळले जावे. आराखड्याची दुसरी बाजू अमान्य, ती झाकून टाकावी. आठवड्यातून एक दिवस, मैदान बंद असताना, उलट दिशेने गवत कापण्यास हरकत नाही.'

"एवढंच मागून घेतलं जुन्या साहेबांनी," मावशी मागच्या बाकावरून भाच्याला म्हणाली. "वाट मोडू नये म्हणून. वापरात राहिली की वहिवाट मोडत नाही, हे आम्ही कचेरीत शिकतो. त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे."

डिझायनरनं आपला नवा आराखडा गुंडाळला. "मी जिथे शिकलो तिथे," तो म्हणाला, "असं दोन्हीकडून खेळायचं मैदान आता कुठे नवं म्हणून शिकवायला लागलेत. हे उखडायला मी येणार नाही. दुसरा कुणी आला तर त्याला आधी हे उलटं खेळायला लावा." हात वर झाले. ठराव एकोणीस विरुद्ध आठनं पडला. मैदान राहिलं. दर गुरुवारी ते उलट दिशेनं खेळायला उघडायचं, असंही ठरलं. म्हणजे माळीदादांची सुट्टीच्या दिवसाची शांतता गेली. त्याबद्दल ते कुरकुरले, पण तोंड लपवून हसले.

सगळे पांगल्यावर शेडमध्ये तीन कप भरले. मावशी खूश होती, माळीदादा खूश होते. ताई चहाकडे बघत होत्या.

"आता काय राहिलं?" मावशीनं विचारलं.

"शेवटच्या वर्षांत मी आबांना गुरुवारी इथे फिरायला आणायचे," ताई म्हणाल्या. "मैदान बंद असायचं, कुणी बघायला नसायचं. दर वेळी इमारतीपासून निघालं की ते नवव्याच्या वाटेला लागायचे. उलटे. मला वाटायचं, विसरले. मी कोपराला धरून वळवायचे. आबा, इकडून. ते काही बोलायचे नाहीत. गुमान वळायचे, माझ्याबरोबर सरळ चालायचे. चार वर्षं. मावशी, त्यांना एवढंच तर आठवत होतं, आणि तेही मी..."

मावशीनं चष्मा काढून हातात धरला. मोजून काढता येईल असं ते नव्हतं.

माळीदादांनी कप खाली ठेवला. "ताई, मी तेव्हा इथे गवत कापत असायचो. बघायचो तुम्हा दोघांना. तुम्ही वळवायचात, ते वळायचे. खरं आहे." त्यांनी ताईंकडे पाहिलं. "पण पुढल्या गुरुवारी?"

"पुढल्या गुरुवारी पुन्हा तिकडूनच."

"मग झालं तर. राग धरला असता तर निघाले असते का पुन्हा? त्यांना वाटत असणार, आज नाही तर पुढच्या वेळी ही माझ्याबरोबर येईल."

ताईंनी डोळे पुसले. मग चहाचा घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला.

"साखर नाही घातलीत."

"डबा तुमच्याच घरून आणलाय, ताई," माळीदादा म्हणाले. "वर 'मीठ' लिहिलं होतं, म्हणून हात लावला नाही."